काल संध्याकाळचं पाणी

फोन वाजला तेव्हा माझ्या हातात चष्म्याच्या काचांची जाळी होती, चोवीस काचा, लेपाच्या टाकीतून अर्ध्या वर आलेल्या. जाळी एकदा वर काढायला घेतली की एका चालीनं काढायची असते. मधेच हात थांबला की तिथे रेघ उमटते, आणि ती रेघ त्या चष्म्यातून बघणाऱ्याला रोज दिसत राहते. आठ वर्षांत माझ्या हातून एकही जाळी वाया गेली नव्हती. कारखान्यातले मिस्त्री नव्या माणसांना माझ्या टेबलापाशी आणून उभं करतात आणि म्हणतात, बाईंचा हात बघा आणि त्यावर घड्याळ लावून घ्या. तर मी डाव्या हातानं फोन कानाशी धरला आणि पलीकडून आवाज आला, "मी बोलतोय." नाव नाही, गाव नाही. माणसानं स्वतःला किती मोठं समजावं याला काही सुमार. पण आवाज मी ओळखला, आणि ओळखला याचाच जास्त राग आला. सर होते. रविवारी घरी येऊ का, म्हणाले, एक छोटीशी गोष्ट विचारायची आहे. मी म्हटलं, या. एवढंच बोलणं झालं. फोन खिशात ठेवून बघते तर उजवा हात तिथेच थांबलेला, आणि चोवीस काचांवर चोवीस रेघा. मिस्त्री आले, जाळी उजेडात धरून पाहिली, आणि ओरडले नाहीत. बरं नाही का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, छान आहे. ते खरंच होतं. मला आनंद झाला होता.

नऊ वर्षं मी या फोनची वाट बघत होते. बसमध्ये, आंघोळ करताना, बाबांच्या शर्टाला इस्त्री करताना मी हा प्रसंग घोळवला होता. कधी त्यात सर दारात उभे राहायचे आणि मी त्यांना आत या म्हणत नसे. कधी आत यायचे, पाणी मागायचे, आणि मी पेला भरून त्यांच्यासमोर स्वतःच पिऊन टाकायची. कधी रडायचे. ते रडणं मला नीट जमायचं नाही, कारण त्यांना रडताना मी पाहिलेलं नव्हतं, म्हणून मी त्यांना कुणाकुणाचं रडणं उसनं द्यायची. गंमत अशी की मनातल्या मनातही मी त्यांना अहो-जाहोच करायची. शिव्या घालतानासुद्धा. "मेल्या" म्हणायला जायचं आणि तोंडातून "मेले तुम्ही" असं काहीतरी निघायचं, की मग सगळा आवेशच जायचा. सहा वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली त्यांना एकेरीवर आणायला द्वेष पुरत नाही, असं दिसतं.

सरांच्या प्रयोगशाळेत आम्ही तेव्हा हाडाला बसवायच्या पट्टीवर लेप चढवत होतो. मोडलेलं हाड काही वेळा नुसत्या पट्टीनं सांधत नाही. त्याला वाढ म्हणून सांगणारं औषध लागतं, आणि तेही एकदम नाही, थोडं थोडं, सहा आठवडे. एकदम सगळं सुटलं तर नुसती सूज येते आणि हाड आहे तिथेच राहतं. म्हणून ते औषध थरांत कोंडायचं. एक द्रव कोळंबीच्या टरफलांपासून केलेला, दुसरा समुद्रातल्या शेवाळापासून. एकाचा भार धन, दुसऱ्याचा ऋण, त्यामुळे एकमेकांना धरून बसणारे. दहा मिनिटं पहिल्यात, मग पाण्यात तीनदा विसळायचं, दहा मिनिटं औषध घातलेल्या दुसऱ्यात, पुन्हा विसळायचं. अशा चाळीस जोड्या, म्हणजे दोन अख्खे दिवस. एवढं करून बोट फिरवलं तर हाताला काही लागायचं नाही. केसाच्या जाडीत असे कितीतरी लेप मावले असते. बाबा म्हणायचे, हे तर माझ्याच धंद्यासारखं झालं, टाका दिसला तर तो टाका कसला. बाबा शिंपी. दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा गठ्ठा काढताना पडले आणि उजवी मांडी मोडली. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण हाड सांधलं नाही. पायानं चालवायचं मशीन होतं, त्याला मोटर बसवली. तेव्हापासून ते म्हणत, मोटर शिवते, मी नुसतं कापड सरकवतो. मी या विषयाकडे का गेले हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी दुसरंच काहीतरी सांगितलं असतं.

विसळायचं शुद्ध पाणी खालच्या मजल्यावरच्या भांडारात मिळायचं, आणि भांडार दहाला उघडायचं. मी सातला कामाला लागायची. म्हणून आदल्या संध्याकाळीच दोन काचेच्या बरण्या भरून खिडकीत ठेवून जायची. झाकणं कधीच हरवली होती. धूळ पडू नये म्हणून बाबांनी पातळ कापडाच्या, कडेला इलॅस्टिक घातलेल्या दोन टोप्या शिवून दिल्या होत्या, बाळाच्या टोपड्यासारख्या. पाणी भरलं की वहीच्या त्या दिवसाच्या पानावर खाली दोन छोटे गोल काढायची, विसरू नये म्हणून. बस. यात लिहिण्यासारखं काय होतं? कृती लिहिताना सरांनी लिहिलं, शुद्ध पाण्यात विसळावे. आणि लेप असा बसला की पट्टीतून औषध बेचाळीस दिवस मोजून मापून येत राहिलं. सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला गुण आहे." त्या दिवशी मी घरी चालत गेले, पाच थांबे. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, हाताला गुण वैद्याच्या असतो, तुझ्या हाताला काम आहे. पण त्यांनी त्या दिवशी मोटर बंद करून ठेवली होती आणि माझ्याकडे नुसते बघत बसले होते.

मग आम्ही नव्या इमारतीत गेलो. तिथे पाण्याचा नळ माझ्या कोपराशीच होता, हवं तेव्हा ताजं शुद्ध पाणी. बरण्या मी एका खोक्यात भरून टाकल्या. आणि लेप बसेना. तेच द्रव, तीच मिनिटं, तोच हात, आणि औषध दोन दिवसांत भळभळून बाहेर. तीन महिने मी आंधळ्यासारखी चाचपडत होते. तोवर आमचा लेख छापून आला होता, दुसऱ्या दोन ठिकाणच्या लोकांनी करून पाहिलं होतं, आणि आम्हाला जमत नाही असं कळवलं होतं. आमचे आकडे खरे की खोटे ते ठरवायला समिती बसली. गोल टेबल, सात माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मी त्या बाटल्या मोजत होते एवढं आठवतं. सर उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मोजमापं तिनं घेतली होती. मी तिच्यावर विश्वास ठेवला. चूक माझी आहे." काय वाक्य होतं! चूक माझी म्हणताना माणूस किती मोठा दिसतो. सात जणांनी सरांकडे आदरानं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. मोजमापं घेताना सर माझ्या शेजारी उभे असत, रोज, चहाचा पेला हातात घेऊन. आकडा मी वाचायची आणि ते मोठ्यानं परत म्हणायचे. हे त्या टेबलावर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मला बोलता आलं नाही. खोटी मोजमापं, हे दोन शब्द माझ्या कागदांना चिकटले ते चिकटले. असा लेप मात्र कुठल्याही पाण्यानं निघत नाही. कुठल्याच प्रयोगशाळेनं मला दारात उभं केलं नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वर्षभरानं मलाही वाटायला लागलं, आपण लिहिलं असेल खोटं. आकडा चांगला यावा असं वाटत होतं ना? मग वाचला असेल चांगला. मी अंथरुणात पडून जुने आकडे आठवायची आणि एकेकावर संशय घ्यायची, सासू सुनेवर घेते तसा.

चष्म्याच्या कारखान्यात लागून दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एके सकाळी मी आदल्या दिवशीच्या पिंपातलं पाणी विसळायला घेतलं, तर मिस्त्रींनी ते माझ्यादेखत मोरीत ओतून दिलं. म्हणाले, "उघडं राहिलेलं पाणी घेऊ नका बाई. हवा खातं ते, आंबतं." मी हसले. पाणी कुठे आंबतं का? "तोंडाला नाही कळत. काचेला कळतं." मी हसायची थांबले. मोरीतून पाणी गुरगुरत जात होतं आणि मी तिथे उभी होते, आणि मला खिडकीतल्या दोन बरण्या दिसत होत्या, टोप्या घातलेल्या. शुद्ध पाण्याची आम्लता कुणी मोजत नाही. मीटर त्यात नीट चालत नाही, म्हणून मोजायचीच नाही हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. शहाणी माणसं सगळी, प्रत्येक द्रवाची आम्लता दशांशापर्यंत लिहिणारी, आणि ज्या पाण्यात दिवसातून शंभराहून जास्त वेळा विसळायचं त्याची कुणी विचारपूसच केली नाही. रात्रभर हवा खाल्लेलं पाणी किंचित आंबट होतं. तेवढ्या आंबटपणात कोळंबीचा थर शेवाळाच्या थराला घट्ट धरतो; ताज्या पाण्यात त्याची पकड सुटते. मी मीटर घरी आणला, पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं म्हणजे तो चालतो, आणि ताजं पाणी आणि कापडाखाली ठेवलेलं पाणी दोन्ही मोजलं. मग ओट्यापाशी खाली बसून हसत सुटले. बाबा कुबडी टेकत आले, काय झालं म्हणून. मी म्हटलं, बाबा, तुमच्या टोप्या. तुमच्या टोप्यांमुळे होत होतं सगळं. घट्ट झाकण असतं तर झालंच नसतं. त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, आणि म्हणाले, "मग कळव की त्यांना." मी म्हटलं, बघते. बघते म्हटलं की आमच्या घरात विषय संपतो.

नाही कळवलं. सहा वर्षं नाही कळवलं. कळवलं असतं तर माझे आकडे खरे ठरले असते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मी खरी ठरले असते त्याच दिवशी सरही पुन्हा मोठे झाले असते, आणि ते मला बघवलं नसतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात. ती म्हण ज्यानं केली त्याला नाक कापण्यातली चव माहीत नसावी. मला ती चव लागली होती. त्यांचा दरवर्षीचा अहवाल निघायचा, तो मी शोधून वाचायची. आधी द्रव बदलले. मग जाड केले. मग बुडवायला यंत्र आणलं, माणसाचा हात नको म्हणून. यंत्र नळाचं ताजं पाणी घ्यायचं! त्या दिवशी मी बाबांना बाहेरून जेवण मागवलं. कसला आनंद, त्यांनी विचारलं, तर मी म्हटलं, असाच. एक माणूस अंधारात किल्ली शोधतोय आणि ती आपल्या मुठीत आहे, हे सुख असं रोजच्या रोज पुरवून वापरता येतं. थोडं थोडं, सहा आठवडे नाही, सहा वर्षं.

रविवारी सर आले. तीन जिने चढून धापा टाकत दारात उभे राहिले, आणि मी ठरवल्याप्रमाणे काहीच केलं नाही. बसा म्हटलं, पाणी दिलं. हडकले होते. कोटाचा उजवा खांदा उतरलेला. बाबा खिडकीशी मशीनवर कुणाची तरी कॉलर उलटवत होते. त्यांनी मान वर करून तो खांदा पाहिला, नमस्कार केला, आणि पुन्हा मान खाली घातली. माणूस कोण ते त्यांना माहीत होतं. मी म्हटलं नव्हतं की खोलीत थांबू नका, आणि ते थांबले. सरांनी खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हे आधी वाच. मग विचारतो. तू काही सांगितलं नाहीस तरी हे तुझंच." आत एक कागद होता, समितीच्या नावे, खाली सरांची सही. लिहिलं होतं: तिची सर्व मोजमापं माझ्यासमोर घेतली गेली आणि ती खरी होती. समितीपुढे मी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि ते सांगतानाच मला हे माहीत होतं. मी दोनदा वाचलं. माझ्या सगळ्या स्वप्नांत हा कागद मी त्यांच्याकडून पिळून काढायची, ते नाही म्हणायचे, मी पुन्हा पिळायची. आणि इथे त्यांनी तो पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवून दिला होता, वर्तमानपत्र ठेवावं तसा. माझ्याजवळ मागायला काही उरलंच नाही. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या गोल टेबलावरही आला नव्हता.

सर बोलत होते. काम बंद पडलं असतं तर तिघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, म्हणून ते तसं बोलले होते. मी म्हटलं, मग चौथीची गेली. ते हो म्हणाले. पुढे म्हणाले की उद्या, सोमवारी, समिती हे काम कायमचं बंद करणार. लेप का बिघडतो याचं एक तरी कारण दाखवता आलं तर सहा महिने मिळतील. अकरा जणांची यादी आहे, ज्यांची हाडं सांधत नाहीत. त्यातल्या दोघांचे पाय काढायचं ठरत आलंय; एक बाई आहे, शाळेत शिकवते, वय वर्षं एकतीस. मशीनची मोटर थांबली. सरांनी पिशवीतून माझी जुनी वही काढली. माझं अक्षर, नऊ वर्षांपूर्वीचं, किती उत्साही आणि तिरकं. त्यांनी पान उघडून बोट ठेवलं. "रोजच्या पानावर खाली हे दोन गोल आहेत. नव्या इमारतीतल्या वहीत नाहीत. मी तिन्ही वह्या पाहिल्या. हे काय आहे?"

किती जवळ आले होते ते! किल्लीवर हात पडला होता, फक्त ती किल्ली आहे हे कळायचं होतं. मी त्यांच्या बोटाकडे पाहिलं. नख पिवळं पडलं होतं. मला दया येईल असं वाटलं होतं, आली नाही. उलट मनात एक थंड, स्वच्छ जागा झाली, आणि तिथून माझाच आवाज आला, अगदी सहज. "ते होय? बाबांच्या गोळ्या. दोन असायच्या. घरी जाताना न्यायच्या, म्हणून आठवणीला."

"आणि नव्या इमारतीत?"

"बंद केल्या डॉक्टरांनी."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विश्वास ठेवला, हे मला दिसलं. या वेळी खरोखर ठेवला. वही मिटली, पिशवीत घातली, उठताना टेबलाचा आधार घेतला. पाकिटाकडे बोट करून म्हणाले, ते नीट ठेव. मग जिन्यावर त्यांची पावलं, सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय. मी कागद हातात धरून उभी होते आणि वाट बघत होते, आता येईल, नऊ वर्षं साठवलेलं ते सुख आता एकदम येईल. मागे टेबलाचा खण उघडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर बाबा उठलेले, कुबडी काखेत, आणि दुसऱ्या हातात कापडाची टोपी. मला वाटलं होतं त्या टोप्या खोक्याबरोबर गेल्या. ते मला ओलांडून दाराबाहेर गेले आणि जिना उतरायला लागले.

बाबा वर्षातून दोनदा जिना उतरतात, आणि तेव्हा मी पुढे असते, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. मी आतूनच ऐकत होते. कुबडी, पाय, थांबा. कुबडी, पाय, थांबा. खाली सरांची पावलं दुसऱ्या मजल्याखाली गेली होती. मी धावले असते तर वीस पायऱ्यांत त्यांना गाठलं असतं. बाबांना थांबवू शकले असते, किंवा सरांना हाक मारू शकले असते. खिडकी तर हाताच्या अंतरावर होती. मी यातलं काहीच केलं नाही. मी हिशेब करत होते की बाबा पोचणार नाहीत. एवढं सगळं स्वच्छ कळत होतं मला. कुबडी एकदा घसरली आणि कठड्यावर आपटली, आणि बाबांनी हाक मारली, "अहो, थांबा जरा." त्यांचा आवाज लहान आहे, आयुष्यभर सुया तोंडात धरून बोललेला माणूस. खाली गाडीचं दार लागलं. गाडी गेली.

मी उतरले. ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे होते, खाली जाणं संपलेलं आणि वर येणं अवघड. कपाळावर घाम होता, टोपी मुठीत चुरगळलेली. मी एक पायरी खाली जाऊन नेहमीसारखा खांदा पुढे केला आणि म्हटलं, चला. त्यांनी माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं, त्यात अजून तो कागद होता. "ते तुला खोटारडी म्हणाले तेव्हा मी मानलं नव्हतं," बाबा म्हणाले. "नऊ वर्षं नव्हतं मानलं."

मग त्यांनी टोपी खिशात घातली, हात माझ्या खांद्यावरून पलीकडे नेला आणि भिंत धरली. उरलेल्या सगळ्या पायऱ्या ते भिंत धरून चढले, आणि मी त्यांच्या मागे, पडले तर धरायला.